टाकीतलं पहिलं पाणी

"थांबा! चाक हलवू नका!"

मी ट्रॅक्टरवर बसलेली, मागं खताच्या गोण्यांनी गच्च भरलेली ट्रॉली, आणि हा अनोळखी माणूस चक्क चाकापाशी उकिडवा बसून टेप लावत होता. भीमपुरात मला आडवा येणारा हा पहिलाच!

"वजन किती असंल?" त्यानं खालूनच विचारलं.

"माहं का ट्रॅक्टरचं?"

त्यानं वर पाहिलं... आणि त्याचे कान लाल झाले. "ट्रॅक्टरचं. तुमचं — नाई इचारलं."

"इचारलं असतं तरी सांगतलं नसतं."

तो माणिक. बेल्लमपल्लीला खाणीच्या क्वार्टरात वाढलेला, नवाकोरा इंजिनिअर. दसऱ्याला आमचं भीमपूर मंडलाचं, म्हणजे तालुक्यासारखं मोठं गाव होणार, म्हणून बाबांनी दुकानांची नवी रांग काढली होती. पाण्याच्या टाकीला जागा उरली नव्हती. ती दुकानांपुढच्या आवाराखाली जाणार होती, आणि वरून ट्रॅक्टर, लॉऱ्या फिरणार होत्या, म्हणून त्याची ही मोजामोजी.

मग तो रोज दिसू लागला. इतरांना गाडीवरचा माल दिसतो, याला चाक कुठं टेकतं ते दिसायचं. "इथं लॉरी वळते, सारा भार एका चाकावर येते. म्हून इथं लोखंड जास्त." असं सांगताना त्याचे डोळे इतके चमकायचे, की मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहायचे. सरळच सांगते, मी पार भाळले होते.

"लोखंडाशी बरं बोलता येते तुमाले," मी एकदा म्हटलं. "अन् माणसाशी?"

"चहा... निवून राह्यला," तो म्हणाला, आणि घाईनं पिताना जीभ भाजून घेतली.

दसरा तोंडावर आला आणि पावसानं ठाण मांडलं. टाकी तयार होती, पण भोवतालचा खड्डा बुजवायचा राहिला होता. त्यात पाणी साचू लागलं. माणिकनं टाकीच्या भिंतीवर लाल रेघ मारली.

"काका, पाणी इथवर चढलं का रिकामी टाकी वर उचलते. तडकंल. आजच भरून घ्या."

टँकर दारात उभा होता. पण बाबा हटेनात. आमच्यात नव्या टाकीत पहिलं पाणी जोडीनं घालतात, आणि माझी आई, कुसुमबाई, तामसीला मावशीकडं अडकलेली. नाल्याला पूर, बस बंद.

"कुसुमबाई आल्याबिगर थेंब पडत नसतो," बाबा म्हणाले.

पाणी रेघेपाशी आलं. माणिक खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उभा होता, तळवा भिंतीला टेकवून. त्याचं हे पहिलंच काम. टाकी गेली तर त्याचं नावही जाणार होतं, तरी बाबांना एक वाकडा शब्द नाही. मला राहवेना. मी घरातून तांब्या भरून आणला, टाकीच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलं.

"वर या. हात लावा तांब्याले."

"मी?"

"जोडीनं घालायचं असते."

तो थबकला. "मनकर्णा... तुमी काय म्हणून राह्यल्या, कळते का?"

"मले कळते. तुमाले कळते का, ते सांगा!"

"कवाचं कळते," तो हळूच म्हणाला. "हिंमत होत नवती." तो वर चढला आणि त्याचा चिखलानं भरलेला हात माझ्या हाताखाली आला.

बाबांचा एक "नाही" पुरे होता. ते टँकरपासून थेट टाकीच्या तोंडाशी चालत आले. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"पोरगी सांभाळशीन?" त्यांनी विचारलं.

"काका, त्याच मले सांभाळतीन."

"मंग पाहत काय राह्यले? घाला पाणी!"

तांब्या रिता झाला आणि टँकरचं पाणी टाकीत सुटलं. बाहेरचं पाणी रेघेवर चढलं, पण टाकी जागची हलली नाही. माणिकनं माझा हातही सोडला नाही. बाबा आमच्याकडं पाठ करून टँकरवाल्यावर उगीचच ओरडत होते, "सावकाश सोड रे! जावई उभा हाय तिथं!"