दुसऱ्या खुर्चीचा दिवा

त्या वर्षांत एकच मालिका दोन घरांत सारखी दिसत नसे. ‘सात जणांचं घर’ कराडमध्ये घरोघर लागे, पण एका घरात त्यातली थोरली सून सोशिक असे आणि शेजारच्या घरात तीच कारस्थानी. सकाळी नदीकाठी फिरायला जाणाऱ्या बायका मालिकांबद्दल बोलेनाशा झाल्या होत्या. बोलणार काय? जिने जे पाहिलं, ते तिच्यापुरतंच.

याला कारण होता रसमापक. पडद्याच्या वर बसवलेलं, शर्टाच्या बटणाएवढं उपकरण. आवडती गोष्ट दिसली की आपल्या डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते, श्वासाची लय बदलते, गालांवर थोडी ऊब येते. आपल्याला ते कळतही नाही, पण रसमापकाला कळे. तो ते कथायंत्राला, म्हणजे गोष्ट रचणाऱ्या संगणकाला, सांगे आणि उद्याचा भाग त्याप्रमाणे बने. घरात चार माणसं असली, तर एकाच भाजीत चौघांचं मन राखणाऱ्या आईसारखं हे यंत्र चौघांचं राखे. माणसं तोंडाने काय म्हणतात त्याचा अर्थ ते जमेला धरत नसे, आवाजातली धग तेवढी मोजे. पडद्याखाली प्रत्येक प्रेक्षकाचा एक बारीक दिवा असे. ज्याला रस वाटला, त्याचा दिवा उजळे.

वृषालीताई पाटणकरांच्या घरी दोन दिवे होते. होळीच्या सुमारास त्यांचे पती मिलिंदराव गेले आणि दुसरा विझला.

तेव्हापासून मालिका फारच चांगली झाली होती. नेमकी हीच वृषालीताईंची तक्रार होती. वरच्या मजल्यावर राहणारी डॉक्टर सई कदम कथायंत्र बनवणाऱ्यांपैकी एक, म्हणून त्यांनी तिलाच खाली बोलावलं.

“मालिका चांगली झाली, ही कसली तक्रार काकू?” सईने हसून विचारलं.

“अगं, दिनूमामा येत नाही.”

दिनूमामा म्हणजे मालिकेतला शेजारी. न बोलावता यायचा, बशीत ओतून चहा फुरकायचा आणि रोज एक शिळा विनोद सांगायचा.

“तुम्हाला आवडायचा?”

“मला? डोक्यात जायचा. मला आवडते ती ओवी, धाकटी मुलगी. दिनूमामा मिलिंदचा. तो आला की मी म्हणायचे, ‘आला बघ तुझा लाडका, आता डब्यातली साखर संपल्याशिवाय उठत नाही.’ की हा हसत सुटायचा.”

सईने कथायंत्रालाच विचारलं, “दिनूमामा या घरात का येत होता?”

यंत्राचा आवाज साधा होता. “दिनूमामा दोघांपैकी कोणत्याच प्रेक्षकाला आवडत नसे.”

“मग त्याला आणायचास कशाला?”

“तो आला की पहिल्या प्रेक्षक वैतागून बोलू लागत. त्या बोलू लागल्या की दुसऱ्या प्रेक्षकाचा दिवा उजळे.”

वृषालीताईंनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. “म्हणजे तो दिनूमामाला हसत नव्हता.”

“नाही काकू. तुमच्या बोलण्याला हसत होते.”

“लबाड,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मला वाटलं, याला विनोदातलं काही कळत नाही.”

सई निघाली तशी त्यांनी तिला दारात थांबवलं. “दिनूमामाला परत आणता येईल?”

“येईल, पण...” सई पुन्हा आत येऊन बसली. “मिलिंदकाकांची आवड यंत्राच्या स्मरणात आहे. त्यांना हजर धर, असं सांगता येतं. फक्त ते काका नसतील. काकांना काय आवडलं असतं, याचा तो अंदाज असेल. आम्ही सहसा असं करत नाही.”

“का गं?”

“माणसं अंदाजाशी बोलत बसतात.”

“हा तरी कुठे उत्तर द्यायचा? कर तू सुरू.”

दुसऱ्या दिवशी दिनूमामा दारात उभा राहिला. “आला फुकट्या,” वृषालीताई म्हणाल्या. “पायपुसणं काय शोभेला ठेवलंय?” पडद्याखालचा दुसरा दिवा हळूच उजळला.

घराला पुन्हा आवाज आला. त्या सुनेच्या भरजरी साडीला नावं ठेवत, सासऱ्याच्या विगला नावं ठेवत, आणि मधूनच रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणत, “बघितलंस ना?” वर सईला ते ऐकू येई. तिला वाटे, आपण चुकलो नाही.

पावसाळा सरता सरता एके दिवशी त्या जिना चढून वर आल्या. चेहरा उतरलेला होता.

“काल दिनूमामाच्या विनोदाला मी हसले गं. खरंखुरं हसू आलं. मला आता त्याचा रागच येत नाही. उशिरा आला तर जीव खालीवर होतो. उगाच ओरडून बघते, पण दिवा काही उजळत नाही.”

 दिवा पुन्हा उजळवायला यंत्र आता काय करील ते सईला दिसू लागलं होतं. “काकू, थोडे दिवस मालिका बंद ठेवू या.”

“आणि तेवढे दिवस तो काय करील?” वृषालीताईंनी विचारलं.

त्या दिव्याबद्दल बोलत होत्या.

पुढच्याच संध्याकाळी खालून ओरडणं ऐकू आलं. सई धावत गेली. पडद्यावर अंगणात दिनूमामा पडला होता, बशी फुटून चहा सांडला होता, आणि सातही जण रडत होते. वृषालीताई उभ्या राहून भांडत होत्या. “अरे, का मारलंत त्याला? कोणाचं काय वाकडं केलं होतं त्याने? एक कप चहा प्यायचा रोज, तोही दिसला तुमच्या डोळ्यांना?” आवाज फुटला होता, गाल भिजले होते.

आणि पडद्याखालचा दुसरा दिवा कधी नव्हे इतका लख्ख जळत होता.

सईचा हात बटणाकडे गेला. वृषालीताईंनी तो मनगटाशी धरला.

“राहू दे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “बघ ना, किती खूश झालाय.”

पडद्यावर उद्याच्या भागाची झलक सुरू झाली होती. वृषालीताईंची आवडती ओवी हेल्मेट न घालता, हसत, स्कूटर घेऊन घाटाकडे निघाली होती.