सबनीस सरांचा जुना हात

सबनीस सरांनी पल्ला-तपासणी टाळली, तेव्हाच अनुपमा गुर्जरच्या मनात पाल चुकचुकली.

मिरजेजवळच्या माळावर हौशी विमान मंडळाची वार्षिक स्पर्धा चालू होती. बाल्सा लाकडाची छोटी विमानं आणि ती रेडिओसेटच्या दोन दांड्यांनी उडवणारी मोठी माणसं. उड्डाणाआधी सेट चालू करून तीस पावलं मागे जायचं, दांडी हलवायची आणि विमानाचं शेपूट हलतं का ते पाहायचं, ही पल्ला-तपासणी. ती चुकवणाऱ्याला सर माळावरून हाकलून देत. आज तेच म्हणाले, "घरी केलीय मी. नंबर पुकार."

शिवाय त्यांचा हात! चौऱ्याहत्तर वर्षांच्या सरांनी कप उचलला की निम्मा चहा शर्टावर. तोच हात आता विमानाने आभाळात आठचे इतके रेखीव आकडे काढत होता?

"यात काहीतरी गोम आहे," मंडळाची तपासनीस म्हणून अनुपमा बोलली. "सावरयंत्राचा खेळ तर नाही?"

शेजारी परीक्षक यास्मिन मुल्ला होत्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापक. "सावरयंत्र कायद्यानं सगळ्यांच्याच विमानात आहे की. सेट चालू असेपर्यंत ते गप्प बसून चालकाचा हात शिकतंय. सेटची लहर तुटली किंवा आलीच नाही, तर तोच हात वापरून नेहमीचं उड्डाण पुरं करतंय. पण तेव्हाच हं."

"आणि आधी शिकलेलं?"

"नवं शिकलं की जुनं पुसत जातंय. परत मिळत नाही."

अनुपमाने लहरमापी सरांकडे वळवला. काटा शून्यावर होता. सेट बंद होता आणि सर दांड्यांवर नुसतेच अंगठे फिरवत होते.

तिचं डोकंच फिरलं. ज्यांनी नियम शिकवले त्यांनीच सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकावी? ती तरातरा गेली आणि काही न विचारता तिने त्यांच्या सेटचं बटण दाबलं.

विमान हीव भरल्यासारखं थरथरायला लागलं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. बटण बंद करायला अंगठे काढून घ्यायची सोय नव्हती, तेवढ्यात विमान खाली आलं असतं. त्यांनी ते कसंबसं धावपट्टीबाहेर उतरवलं. एक पंख मोडला.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "सहा वर्षांपूर्वी हात कापायला लागला, त्या दिवसापासून या विमानासाठी मी सेट चालू केला नव्हता, अनू," ते हळूच म्हणाले. "यात माझा चांगला हात होता. तपासणीपुरता सेट लावला असता तरी त्याने हा कापरा उचलला असता."

यास्मिनबाईंनी यंत्र जोडून पाहिलं आणि मान हलवली. त्यात आता कापराच होता.

नियम तो नियम. अनुपमाने सरांना बाद ठरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्याच सहीची लाज वाटली.

आठवडाभर तिला झोप नव्हती. मग तिला स्वतःचं पहिलं, शिकाऊ विमान आठवलं. अकरा वर्षांपूर्वीचा तो सबंध हंगाम तिचा सेट शिकवणीच्या तारेने सरांच्या सेटला जोडलेला असे, आणि सर ताबा क्वचितच सोडत. मग एकटीचं एकच उड्डाण. विमान अलगद उतरलं, सगळ्या माळाने टाळ्या वाजवल्या आणि ते विमान आठवण म्हणून तिच्या भिंतीवर गेलं.

एक गोष्ट तिने कधीच कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी धांदलीत पल्ला-तपासणी राहिली होती. आणि उतरल्यावर ती सेट बंद करायला गेली, तर तो आधीच बंद होता.

रविवारी तिने ते विमान सरांच्या मांडीवर ठेवलं. "यातल्या यंत्राला माझा हात ठाऊकच नाही, सर. हा तुमचा आहे. स्पर्धेत नाही चालणार, पण एरवी उडवा."

सर विमानाच्या पंखावरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे त्या टाळ्या माझ्या नव्हत्या," ती म्हणाली. "तुम्हाला कधी संशय नाही आला?"

"आला होता की. तुझ्या सेटचा दिवा विझलेला वाटला होता मला."

"मग?"

"तू केवढी खूश होतीस, पोरी," सर म्हणाले. "जवळ येऊन बघितलंच नाही मी."