थांबून राहिलेली नऊ अंडी

काळुंदी दुसऱ्यांदा एकवीस दिवस अंड्यांवर बसली आणि दुसऱ्यांदाही टोपलीतून एकही पिल्लू बाहेर आलं नाही.

बसण्यात तिची काही कसूर नव्हती. दाणापाण्यासाठी ती दिवसातून एकदाच उठायची, फार तर पंधरा मिनिटं. पोटाची पिसं गळून तिथली उघडी कातडी थेट अंड्यांना टेकायची. कुणी जवळ गेलं की ती अंग फुगवून गुरगुरायची. अशा कोंबडीला खुडूक म्हणतात आणि काळुंदी पक्की खुडूक होती. मग पिल्लं का निघाली नाहीत, हे अकरा वर्षांच्या दामिनी बोरकुटेला कळत नव्हतं.

हे २०५८ सालच्या मे महिन्यातलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या तिच्या गावात पारा सत्तेचाळीसवर होता. दोन वर्षांपूर्वीच्या उष्णतेच्या लाटेत घरच्या चाळीस कोंबड्या मेल्या. उरली ती काळुंदी आणि एक कोंबडा. दामिनीच्या आईने लग्नात माहेरून काळुंदीची पणजी आणली होती. हा वंश आता या एकाच कोंबडीवर येऊन ठेपला होता आणि काळुंदी वाळून अर्धी झाली होती.

"पुन्हा बसली तर मरून जाईन ते," आई म्हणाली. "मी तिले बादलीत बुडवते दोनदा. खुडूक मोडते. मंग बसवणं बंद म्हणजे बंद."

"आई, एकदा नोंद्याला विचारू दे."

"विचार. पण बादली मी भरून ठेवून राहिली."

नोंद्या हा ग्रामपंचायतीचा पशुसेवा यंत्रमानव. चार बारीक पायांवर चालत तो दर सोमवारी, आणि बोलावलं तर मध्येही, येऊन गावातली जनावरं तपासायचा आणि सगळ्याच्या नोंदी ठेवायचा. त्याने आधी बादली पाहिली.

"पाण्याने ती गारठेल आणि घाबरेल," तो म्हणाला. "पोटाखालून वारा खेळला तरी खुडूक मोडते. तारेचा पिंजरा दोन विटांवर ठेवा. खाली भुसा नको. दाणापाणी भरपूर द्या. चार दिवस पुरतील."

"आणि नाही मोडली तर?" आईने विचारलं.

"तर बादली आहेच. ती कुठे पळून जात नाही."

आई हसली नाही, पण तिने बादली उचलून बाजूला ठेवली.

मग नोंद्याने न फुटलेली अकरा अंडी मागितली. कोठीचं दार लावून फटीला गोधडी लावली, तेव्हा आत अंधार झाला. दामिनीचे आजोबाही आत आले. त्यांना घरात सगळे आबाजी म्हणत. ते बियाण्यांचे शास्त्रज्ञ होते. जुन्या वाणांचं बियाणं थंड खोलीत वर्षानुवर्षं जपण्याचं काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं.

नोंद्याने आपल्या बोटातला दिवा एका अंड्याच्या बोथट टोकाला टेकवला. अंडं केशरी उजळलं. आत एक बारीक लाल कडं दिसलं, बांगडीसारखं.

"हे रक्ताचं वलय," नोंद्या म्हणाला. "म्हणजे अंडं फलित (कोंबड्याशी मीलन झाल्याने पिल्लू होऊ शकणारं) होतं. भ्रूण (अंड्यात वाढणारा इवला जीव) वाढू लागला, रक्तवाहिन्या तयार झाल्या आणि सुरुवातीलाच तो मेला."

अकरांपैकी दहा अंड्यांत तेच कडं होतं.

"काळुंदी बसण्याआधी ही अंडी कुठे होती?" नोंद्याने विचारलं.

"माळ्यावर, कापसात. रोज एक घातलं की मी उचलून तिथे ठेवायची. उबेत राहावीत म्हणून."

"उबेत ठेवायला कुणी सांगितलं?"

दामिनीने आबाजींकडे पाहिलं नाही. पण आबाजीच बोलले. "मी. दोन्ही वेळा."

नोंद्या माळ्यावर चढून खाली आला. "पत्र्याखाली आत्ता सकाळीच सदतीस अंश. रात्री तीसच्या खाली जात नसणार. आता सांगतो काय झालं ते. कोंबडीच्या पोटात अंडं जवळजवळ एक दिवस असतं आणि तिथे चांगलंच गरम असतं. वाढ तिथेच सुरू होते. अंडं बाहेर पडतं तेव्हा बलकावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यात हजारो पेशी (शरीराचे सगळ्यांत लहान घटक) झालेल्या असतात."

"घातलेल्या अंड्यात? रोज खातो त्यात?"

"फलित असेल तर, हो. मग अंडं बाहेर पडून गार होतं. साधारण वीस अंशांच्या खाली गेलं की वाढ थांबते. याला जैविक शून्य (ज्या तापमानाखाली वाढ थांबून राहते ती पातळी) म्हणतात. जीव मरत नाही, फक्त थांबतो. कोंबडी रोज एक अंडं घालते आणि पुरेशी झाल्याशिवाय बसत नाही. ती बसली की सगळी अंडी एकदम साडेसदतीसच्या आसपास तापतात आणि सगळ्यांची वाढ एकाच दिवशी पुन्हा सुरू होते."

"म्हणून सगळी पिल्लं एका दिवशी निघतात," दामिनी हळूच म्हणाली.

"म्हणूनच. पहिल्या पिल्लांना घेऊन आई चरायला निघाली, तर मागे राहिलेल्यांना कोण ऊब देणार?"

"पण माळा तर गरमच होता. मग तिथेच वाढ का नाही झाली नीट?"

नोंद्या म्हणाला, "शाळेत लेझीम खेळता ना? हलगी बरोबर वाजली तर सगळी रांग एकत्र पुढे सरकते. अधूनमधून आणि वेडीवाकडी वाजली तर काही मुलं पुढे जातात, काही जागीच राहतात, काही एकमेकांवर आपटतात. तिशीच्या आसपास अंड्यात तसंच होतं. काही भाग वाढतात, काही मागे पडतात. दुपारी जोरात, पहाटे मंद. काळुंदी बसली तेव्हा आतली रांग आधीच मोडलेली होती."

आबाजींनी एक अंडं हातात घेतलं.

"बियाणं गार ठेवायचं हे मी तीस वर्षं लोकांना शिकवलं," आबाजी म्हणाले. "आणि अंडं दिसलं तेव्हा मला फक्त ऊब आठवली. दामिनी, चूक माझी. काळुंदीची नाही."

"मंग आता तिची माफी मागा," आई बाहेरून म्हणाली. ती गोधडीपलीकडे उभी राहून सगळं ऐकत होती. "एकच डाव देते. शेवटचा."

काळुंदीची खुडूक पिंजऱ्यात चौथ्या दिवशी मोडली. अंगावर मांस धरायला तिला अडीच आठवडे लागले. मग तिने पुन्हा अंडी घालायला सुरुवात केली.

गार जागा शोधणं सोपं नव्हतं. घरातल्या फ्रिजमध्ये चार अंश होते. तेवढ्या थंडीत अंडी दिवसेंदिवस ठेवली तर जीव टिकत नाही. आबाजींनी एका मोठ्या मडक्यात लहान मडकं बसवलं आणि मधल्या फटीत ओली वाळू भरली. पाण्याची वाफ होताना ती मडक्यातली उष्णता ओढून नेते, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात आत गारवा राहतो. तरी तापमापी चोवीसवर अडली. तेव्हा दामिनी बर्फ झालेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवू लागली, सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. पारा सतरावर आला.

अंडं उचललं की ती शिसपेन्सिलीने त्यावर आकडा घाली आणि निमुळतं टोक खाली करून ते मडक्यात ठेवी. बलक कवचाला चिकटू नये म्हणून रोज एकदा त्यांचा कल बदली. घरट्यात काळुंदीसाठी अंड्याएवढे पांढरे गोटे ठेवले होते, म्हणजे ती जागा सोडणार नाही.

सहाव्या दिवशी पहिल्या क्रमांकाचं अंडं दामिनीच्या तळहातावर होतं. गार, गुळगुळीत, नदीतल्या दगडासारखं.

"नोंद्या, हे आत्ता जिवंत आहे का?"

"माझ्या नोंदवहीत दोनच रकाने आहेत, जिवंत आणि मृत," नोंद्या म्हणाला. "याचं हृदय नाही, हालचाल नाही. पण ऊब दिली तर चालू होईल. हे कुठे लिहावं ते मला कळलेलं नाही. मी जागा कोरी सोडली आहे."

दामिनीने अंडं दोन्ही हातांनी धरून परत ठेवलं.

नवव्या अंड्यानंतर काळुंदी गोट्यांवरून उठेना. जवळ गेलं की गुरगुरू लागली. दिवेलागणीला दामिनीने गोटे काढून नऊ अंडी तिच्या पोटाखाली सरकवली. काळुंदीने चोचीने एकेक अंडं आत ओढून घेतलं आणि अंग पसरलं.

पाचव्या दिवशी पुन्हा कोठीत अंधार केला. दिवा टेकवताच पहिल्या अंड्यात बारीक लाल धागे दिसले, मध्यापासून सगळीकडे पसरलेले. मधोमध तिळाएवढा ठिपका हलत होता. थांबत होता, हलत होता.

"ते काय आहे?" आईने विचारलं. या वेळी ती आत आली होती.

"हृदय," नोंद्या म्हणाला.

आई बराच वेळ पाहत राहिली. मग तिने पदराने दिव्याभोवतीचा उजेड अडवला, म्हणजे ठिपका आणखी स्पष्ट दिसेल.

नऊपैकी आठ अंड्यांत हृदयं चालू होती. एक फलितच नव्हतं.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना कुणी हात लावला नाही. विसाव्या दिवशी दुपारी दामिनी नोंद्यासोबत टोपलीशेजारी बसली होती. आतून चिवचिव ऐकू आली, कवच शाबूत असताना. काळुंदीने खालच्या आवाजात उत्तर दिलं. मग दुसऱ्या अंड्यातून आवाज आला, मग तिसऱ्या.

"पिल्लाने वायुकोश (अंड्याच्या बोथट टोकातली हवेची पोकळी) फोडला आहे," नोंद्या हळू आवाजात म्हणाला. "हा त्याचा पहिला श्वास. आतल्या आत ती एकमेकांना ऐकतात. मागे असलेली घाई करतात, असं काही पक्ष्यांत दिसलं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन या वेळेत सात पिल्लं बाहेर आली. ओली, लटपटती, मग वाळून कापसासारखी. आठवं अंडं शांत राहिलं. आई ते फोडून पाहायला निघाली, तर काळुंदीनेच तिच्या हातावर चोच मारली.

"लागलं?" आबाजींनी विचारलं.

"लागू द्या," आई म्हणाली. "तिचा हक्क आहे."

तिसऱ्या दिवशी काळुंदी उठली. सात पिल्लं तिच्या पायांत घुटमळत अंगणात आली. दोन अंडी टोपलीत राहिली. दामिनीने ती उचलली, तेव्हा ती गार झाली होती.

"आबाजी, अंडं किती दिवस थांबू शकतं?"

"साधारण दहा. त्यानंतर रोज पिल्लं थोडी थोडी कमी निघतात. माझ्या थंड खोलीतला गहू वीस वर्षं थांबतो."

"मग अंडं का नाही थांबत?"

आबाजींनी नोंद्याकडे पाहिलं. नोंद्याने आपल्या नोंदी चाळल्या. त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"थोडं माहीत आहे," तो म्हणाला. "सगळं अजून कुणालाच नाही."

दामिनी पायरीवर बसली. पुढच्या वेळी काळुंदीने पंधरा अंडी दिली, तर नऊ नेहमीसारखी बसवायची आणि सहा वेगवेगळ्या गारव्यात जास्त दिवस थांबवून पाहायची, असं ती आबाजींना सांगू लागली. किती मडकी लागतील ते बोटांवर मोजू लागली.

"आधी तिले ही सात मोठी करू दे," आई म्हणाली आणि अंगणात तांदळाची कणी टाकली. काळुंदीने एक दाणा उचलला, खाली टाकला आणि कुक-कुक करत पिल्लांना बोलावलं. सातही धावली.