चंद्रावरचं जास्तीचं पाणी

"आबा, टाकीत पाणी जास्त आहे!" शलाका धापा टाकत आली.

पाणी कमी झालं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. चंद्रावरच्या त्यांच्या वसाहतीत बर्फ खणणारं यंत्र बंद पडलं होतं आणि त्याचा सुटा भाग पृथ्वीवरून यायचा होता. तोवर पाणी पुरणार नाही, रोपवाटिका बंद करावी लागेल, असं मोजू नावाच्या यंत्रमानवाने सांगितलं होतं. शलाकाचा वाटाणा तिथे नुकता फुलला होता.

"माझं गणित चुकलेलं नाही," मोजू म्हणाला. "सगळ्यांनी सगळे नियम पाळले, तरी एवढं पाणी उरत नाही."

शलाकाचे आजोबा, म्हणजे आबा, शास्त्रज्ञ होते. ते म्हणाले, "मग नियमांच्या पलीकडे काय चाललंय, ते बघून या."

कार्यशाळेत फिलोमिनामावशी तेलकट हत्यारं आधी कोरड्या चिंधीने पुसत होत्या. "मग धुवायला वाटीभर पाणी पुरतं गं." स्वयंपाकघरात हणमंतकाका भाजी धुतलेल्या पाण्यातच भांडी विसळून घेत होते.

"हुकूम कोणाचा?" मोजूने विचारलं.

"कुणाचा नाही बाबा! वसाहतीच्या प्रमुखबाईंनी टंचाई लपवली नाही, आम्हाला खरं ते सांगितलं. मावशींचं बघून मग मीही सुरू केलं, माझं बघून बाकीच्यांनी."

हे ऐकल्यावर आबांनी उलगडा केला. "वापरलेलं पाणी आपण शुद्धीकरणाने (घाण काढून पुन्हा पिण्याजोगं करून) परत मिळवतो. पण दर वेळी थोडं वाया जातंच. वापर कमी झाला, की नासाडीही कमी होते. आणि ही माणसं जे करताहेत ना, त्याला म्हणतात कार्यस्थळ-नागरिकत्व (कामाची जागा आपली मानून, कोणी न सांगता तिचं भलं करणं). ते कुठल्याच नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं. मोजूच्या गणितात ते येणार कसं?"

"इतक्या जणांनी? न सांगता?" शलाकाच्या अंगावर काटा आला.

रोपवाटिका वाचली. पुढे यंत्रही सुरू झालं, पण कोणी पाणी उधळायला लागलं नाही.

एकदा खिडकीतून निळी पृथ्वी दिसत होती. शलाका बराच वेळ बघत राहिली.

"मोजू, तिथे केवढे कारखाने, केवढ्या कचेऱ्या! त्या सगळ्यांनी असं केलं तर?"

मोजूही खिडकीशी आला.

"मला सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण मला ते बघायचंय."