कुंकू न लागलेला ड्रायव्हर

मेदिनीने निश्चलला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने माकडटोपी घातली होती. पण खरं सांगायचं तर तिने आधी त्याला पाहिलंच नाही. तिने पाहिला तो हात.

म्हैसूरच्या दूध महामंडळात ती नुकतीच नोंदींच्या प्रती जपणाऱ्या बॅकअप विभागात लागली होती. यंत्रखोली बघून यावी म्हणून दार ढकललं, आणि समोर खोलीभर लांबीचं काचेचं कपाट! आत निळसर उजेड. कपाटात हजारो टेपा मधाच्या पोळ्यासारख्या लावलेल्या, आणि त्यांच्यामधून एक यांत्रिक हात आवाज न करता सरकत होता. थबकायचा, एक टेप अलगद उचलायचा—झोपलेल्या बाळाला उचलावं तशी—आणि दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचा.

मेदिनीचा श्वास काचेवर उमटला. नंजनगुडच्या कुठल्या गौरी गायीने सात वर्षांपूर्वीच्या एका पावसाळी मंगळवारी किती दूध दिलं, हे या कपाटात होतं. गौरी विसरली असेल. गौरीचा मालक तर नक्कीच विसरला असेल. हा हात विसरला नव्हता.

"तोंड मिटा मॅडम, दात गारठतील," शेजारून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. तपकिरी माकडटोपी, आणि तिच्या खिडकीत दोन शांत डोळे.

"तुम्ही कोण?"

"निश्चल. या खोलीतलं लोखंड माझं. थंडी सगळ्यांची." त्याने खिशातून आणखी एक माकडटोपी काढली. "ही घाला. पाहुण्यांसाठी ठेवलेली असते."

"मी नाही घालणार. भयंकर दिसते."

"दिसते ना... म्हणून तर पाहुणे परत येत नाहीत."

मेदिनीने टोपी घातली. आणि ती परत आली. रोज. कारण बघायचा असायचा तो हात. निदान ती स्वतःला तरी असंच सांगायची.

मग सप्टेंबरात बातमी आली की हाताचं नवं फर्मवेअर आलंय. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातली अक्कल. आणि ती अक्कल काय बोलते ते सर्व्हरला समजावणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. दोघं वेळच्या वेळी बदलावे लागतात. प्रश्न एवढाच होता, की बदलायचे कुणी? बॅकअप विभाग म्हणाला, लोखंड यंत्रखोलीचं. यंत्रखोली म्हणाली, टेपा तुमच्या, हातही तुमच्यासाठीच राबतो. तेव्हा दोन्ही विभाग सांभाळणाऱ्या पुट्टस्वामी सरांनी दर गुरुवारी बैठक लावली. दोन्ही बाजूंनी एकेक प्रतिनिधी, मध्ये मद्दूर वडे.

प्रतिनिधी कोण, ते सांगायला नकोच.

"फर्मवेअर यंत्राच्या आत असतं. आतलं ते यंत्रखोलीचं," मेदिनी ठणकावून सांगायची.

"तुमच्या पोटात आत्ता माझा वडा आहे," निश्चल शांतपणे म्हणायचा. "म्हणून पोट माझं का?"

"सर, हे वैयक्तिक बोलताहेत!"

"वडा माझाच होता, सर."

सर डोळे मिटून घ्यायचे. बैठक पुढच्या गुरुवारवर जायची. त्या दिवशी मेदिनी ठेवणीतला कुर्ता घालून भांडायला यायची, आणि निश्चल केस विंचरून. टोपीखाली विंचरलेले केस कुणाला दिसणार, हा प्रश्न त्याला पडत नसे. आणि निकाल लागू नये म्हणून दोघंही इतकी मेहनत घ्यायची, की तेवढ्या मेहनतीत तेच काम दहा वेळा करून झालं असतं.

दसरा तोंडावर आला तेव्हा सरांचा संयम संपला. "आयुधपूजेपर्यंत एक नाव द्या. नाहीतर हे काम बाहेरच्या कंपनीला जाईल. मग इथे तुला काय काम रे, निश्चल? तू हासनच्या पनीर कारखान्यात."

मेदिनीच्या हातातला वडा तसाच राहिला. हासन! निश्चल तिच्याकडे बघत होता... काहीतरी बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, "पनीर चांगलं असतं तिथलं."

ती चिडून घरी गेली.

खंडेनवमी उजाडली, आयुधपूजेची सकाळ झाली. दारात केळीचे खुंट, शेवंतीच्या माळा, जीप आणि गाड्यांवर हळदकुंकवाचे पट्टे, फोडलेल्या कोहळ्याच्या फोडी. यंत्रखोलीत उदबत्ती नेली तर धुराचा गजर होऊन अख्खं महामंडळ रस्त्यावर येतं, म्हणून पूजा सांगणारे भट्टरू दाराबाहेर उभं राहून काचेतूनच ओवाळत. आत फक्त कुंकू जाई. आत जाऊन ते त्यांनी कपाटाला लावलं, कपाटातल्या हाताला लावलं, सर्व्हरला लावलं, चुकून निश्चलच्या टोपीलाही लावलं. पूजा झाली की उद्यापर्यंत कुठल्याही आयुधाला हात लावायचा नाही. यंत्रं आपापली चालतील, माणसांनी त्यांना त्रास द्यायचा नाही.

मेदिनीने काचेबाहेरच्या आपल्या टेबलावरच्या पडद्यावर सहज नजर टाकली. सर्व्हरला हात दिसत नव्हता.

हात होता, डोळ्यांसमोर होता. एक टेप धरून मधल्यामध्ये थांबला होता. सर्व्हर मात्र म्हणत होता, असा कुणी नाही.

"निश्चल," ती हळू म्हणाली, "तू काही केलंस?"

ती पहिल्यांदाच अरे-तुरेवर आली होती. त्याने टोपी काढली. केस खरंच विंचरलेले होते.

"फर्मवेअर बदललं. पहाटे, पूजेच्या आधी. म्हटलं, काम मीच उरकावं, तुला त्रास नको."

"मला न सांगता? अरे, ड्रायव्हर जुनाच आहे माझ्याकडे! हात नवं बोलतोय आणि दुभाषी जुना!"

"हं... ते सुचलं नाही. तुझंच सुचत होतं सगळं."

तिला रागवायचं होतं, पण चेहरा ऐकेना. "आणखी काय काय केलंयस मला न सांगता?"

त्याने हातातली टोपी उलटीसुलटी केली. "अम्माला सांगितलंय."

"काय?"

"तुझं नाव."

"...आणि?"

"ती म्हणाली, मुलीला विचारलंस का? मी म्हटलं, ते कुणाच्या विभागात येतं हे अजून ठरायचंय."

एवढ्यात पुट्टस्वामी सर प्रसादाची वाटी घेऊन आले, पडदा पाहिला आणि प्रसाद विसरले. जिल्हाभरातलं आजचं दूध टेपवर जायचं होतं. "बदला तो ड्रायव्हर!"

"सर, पूजा झालीय," निश्चल म्हणाला. "आयुधाला हात लावायचा नाही."

सरांनी भट्टरूंकडे पाहिलं. भट्टरूंनी डोळे मिटून गंभीर विचार केला.

"ड्रायव्हरला कुंकू लावलं होतं का?"

"त्याला अंगच नाही, स्वामी," मेदिनी म्हणाली. "कुठे लावणार?"

"ज्याला कुंकू लावता येत नाही, ते आयुध नव्हे," भट्टरू म्हणाले. "बदल, मुली."

मेदिनी आपल्या टेबलाशी बसली. सर्व्हरला कुणी बोटही लावलं नाही. तिने टेबलावरूनच ड्रायव्हर बदलला. कपाट गप्प होतं. निश्चल तिच्या खुर्चीमागे उभा होता, आणि त्याचा श्वास थांबलेला तिला कळत होता...

आणि हात हलला.

आधी जरासा, जाग आल्यासारखा. मग कपाळी कुंकू मिरवत, निळ्या उजेडातून सरकत गेला आणि त्याने धरून ठेवलेली टेप अलगद तिच्या कप्प्यात ठेवली. भट्टरूंनी नकळत हात जोडले. मेदिनीच्या अंगावर काटा आला, अगदी पहिल्या दिवसासारखा. फक्त आज तो एकटीच्या अंगावर नव्हता. तिने न बघता मागे हात नेला. तो लगेच धरला गेला.

"छान," सर घसा खाकरून म्हणाले. "आता एक नाव. एकच."

"माझं," मेदिनी उठत म्हणाली. "फर्मवेअर, ड्रायव्हर, दोन्ही माझ्याकडे. लोखंडाला हात हाच लावेल, पण मी सांगेन तेव्हा. मला विचारल्याशिवाय हा काहीही बदलणार नाही."

"आणि निश्चल? तो कुणाच्या विभागात धरायचा?"

मेदिनीने त्याच्या हातातली माकडटोपी घेतली, कुंकू झटकलं आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

"तोही माझ्याकडेच," ती म्हणाली. "अम्माला कळव, ठरलं म्हणावं."