क्रीटच्या कड्यावरची पानं

"धिस वन व्हॉट, अह?"

हार्बरफ्रंटच्या फेरी टर्मिनलवर तपासणीच्या टेबलाशी अधिकाऱ्यानं एक प्लास्टिकची पिशवी दोन बोटांत धरून वर उचलली. आत सुकलेला, काड्यांसकटचा हिरवट पाला. रांगेतली कुजबुज एकदम थांबली. सिंगापुरात असला पाला बॅगेत सापडणं म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही!

बॅगेचा मालक तिशीचा, उंच, उन्हानं रापलेला. "सर, रिगानी... ग्रीक... फॉर पोटॅटो!" तो घाईघाईनं म्हणाला, आणि इतका गडबडला की खरं बोलतानाही चोर वाटू लागला.

त्याच्या मागे चैत्राली उभी होती. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर इंडोनेशियातल्या बाताम बेटाची सहल करून, नाक सोलवटून परतलेली. अधिकाऱ्यानं पिशवीचं तोंड सोडलं आणि वासाचा एक झोत आला. उष्ण, तिखट, नाकात शिरून बसणारा...

"अगंबाई, ओवा!" ती मोठ्यांदा म्हणाली.

तो गर्रकन वळला. "ओवा नाही हो! वासापुरता भाऊ आहे ओव्याचा. तुम्ही मराठी? मग सांगा ना यांना काहीतरी!"

"ऑफिसर, ओरेगॅनो! पिझ्झा! ऑन टॉप!" चैत्रालीनं हवेतच पिझ्झ्यावर चिमूट भुरभुरली.

अधिकाऱ्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "पिझ्झा, अह? ओके ला. गो, गो."

बाहेर आल्यावर कळलं, तो सारंग. ग्रीक मालकाच्या बोटीवर इंजिनिअर. बोट बातामच्या गोदीत दुरुस्तीला लागली, तसा हा उतरला होता. परीक्षेचा अभ्यास संपेपर्यंत चोआ चू कांगला चुलतभावाकडे मुक्काम. पाला दिला होता त्याच्या चीफ इंजिनिअरनं. थनासिस नावाचा क्रीट बेटावरचा म्हातारा, ज्याच्या केबिनमध्ये डिझेलपेक्षा झाडपाल्याचाच वास जास्त.

"तुम्ही आज मला तुरुंगातून वाचवलंत," सारंग म्हणाला. "त्याबद्दल बटाटे करून घालीन म्हणतो."

"बटाटे? जिवाची किंमत बटाटे?"

"खाल्ल्यावर बोला."

पुढच्याच रविवारी तो सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, चैत्रालीच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये बाह्या सरसावून उभा होता. चैत्रालीची फ्लॅटमेट नीलिमा दारातून बघत होती आणि उगाचच खोकत होती.

"हात पुढे करा," सारंग म्हणाला.

"कशाला?"

"करा तरी."

त्यानं तिच्या तळव्यावर रिगानीची काडी ठेवली. "आता दोन्ही हातांनी चोळा. डब्यातून नुसती शिंपडायची नसते. हाताची ऊब लागली, की मग ती बोलायला लागते."

तिनं चोळली. हिरवा चुरा लिंबू पिळलेल्या बटाट्यांवर पडला आणि स्वयंपाकघर दरवळलं. ओव्हनमधून ट्रे निघाला तेव्हा बटाट्यांच्या कडा सोनेरी झाल्या होत्या. चैत्रालीनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला, तिसरा घेतला...

"जिवाची किंमत वसूल?" त्यानं विचारलं.

"बरे आहेत," ती म्हणाली आणि ट्रे आपल्याकडे ओढला.

मग रोज काही ना काही निमित्त निघू लागलं. थनासिसनं दिलेल्या पुड्यांतून कधी टोमॅटोवर थाइमचा पाला, कधी वरणाला सेजच्या पानांची फोडणी. ती फोडणी साफ फसली. दोघंही हसून हसून बेजार! 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. एसीच्या गारठ्यानं चैत्रालीचा घसा बसला, तेव्हा सारंग थर्मास घेऊन दारात हजर. आत लांब काड्यांचा, फिकट पिवळा काढा, मध घातलेला.

"डोंगरी चहा," तो म्हणाला. "थनासिसच्या गावात खोकला आला, की डॉक्टरच्या आधी हाच येतो."

तिनं घोट घेतला. फुलांचा, मातीचा, उन्हाचा वास... घशाला हळूच शेक मिळाला. "औषध आहे की चहा?" तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"गाव म्हणतं औषध. मी म्हणतो, निमित्त."

"कसलं?"

"अख्खं सिंगापूर ओलांडून सेंगकांगला यायचं."

चैत्रालीनं कप तोंडाशी धरला, तो बराच वेळ खाली ठेवलाच नाही. चेहरा लपवायला दुसरं होतं तरी काय?

पण परीक्षा संपली आणि बोलावणं आलं. ग्रीसच्या पिरेउस बंदरात नवी बोट, सहा महिन्यांचा करार. सारंगनं सांगितलं तेव्हा ते तिच्या इमारतीखाली बाकावर बसले होते. समोर एलआरटी रेल्वेची इवलीशी गाडी वळण घेत होती.

"चैत्राली, मला तुला एक..."

"नको." ती पटकन म्हणाली. "माझे बाबा बोटीवर होते. माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या फोटोत आई आहे, केक आहे, बाबा नाहीत. मी तेव्हाच ठरवलं होतं, बोटीवरचा माणूस नाही. मला वाट बघता येत नाही, सारंग."

"बघ म्हणालोच नाही अजून..."

"म्हणू नकोस."

तो म्हणाला नाही. जाताना उरलेल्या सगळ्या पुड्या तेवढ्या ओट्यावर ठेवून गेला.

चैत्रालीला वाटलं, सुटले! पण बटाटे करायला घेतले की हात आपोआप चोळले जायचे. फोन वाजला की ती झडप घालायची, आणि ऑफिसचा असला की राग यायचा. सारंग तक्रार करत नव्हता, आर्जवं करत नव्हता. बंदराला लागला की एखादा फोटो धाडायचा — दगडांतून उगवलेली सेजची झुडपं, थनासिसच्या बहिणीच्या अंगणात वाळत टाकलेल्या जुड्या. मग पुन्हा कित्येक दिवस समुद्र.

एका संध्याकाळी तिनं पुण्याला आईला फोन लावला.

"आई, खरं सांग. बाबांची वाट बघण्यात सगळा जन्म गेला तुझा. पस्तावलीस?"

आशालताबाई खळखळून हसल्या. "अगं, वाट बघणं कंटाळवाणं होतं. माणूस कंटाळवाणा नव्हता! शेजारच्या बायकांचे नवरे रोज सहाला घरी यायचे, त्यांच्याकडे बघ म्हणजे कळेल. ...कोण आहे गं तो?"

चैत्रालीनं फोनच ठेवून दिला. गाल तापले होते.

आणि मग, एका मंगळवारी ऐन मीटिंगमध्ये, सारंगचा मेसेज आला. 'बोट तेल भरायला सिंगापूरबाहेर नांगरलीय. लाँचनं मेरिना साऊथ पियरला येतोय. फार थोडा वेळ आहे. येशील?'

"माझी तब्येत बरी नाही," चैत्राली उठून म्हणाली. इतक्या आनंदानं, की मॅनेजर बघतच राहिला.

टॅक्सीतून उतरेपर्यंत पाऊस कोसळायला लागला होता. धक्का, समुद्र, आभाळ सगळं एकाच रंगाचं. त्या करड्यातून एक लाँच उड्या मारत आली, आणि नारिंगी बॉयलरसूटमधला सारंग पायऱ्या चढत धावत आला. दोघं समोरासमोर उभी राहिली.

त्यानं खिशातून एक छोटी पुडी काढली. आत लोकरीसारखी मऊ, गोल, रुपेरी पानं.

"दिक्तमो," तो धापा टाकत म्हणाला. "फक्त क्रीटच्या कड्यांवर उगवतं. पूर्वी जखमेवर लावायचे. आणि... तिथली पोरं जीव धोक्यात घालून कडा चढायची, ज्या मुलीवर मन बसलं तिच्यासाठी हे आणायला. गावात याला 'प्रेम' असंच नाव आहे."

चैत्रालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू... कड्यावर चढलास?"

"नाही," सारंग ओशाळून म्हणाला. "दुकानातून घेतलं. पण दुकान वरच्या मजल्यावर होतं, आणि लिफ्ट बंद होती."

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. खाली लाँचवाला घड्याळ दाखवत हाका मारत होता.

"त्या दिवशी जे विचारायचं राहिलं," सारंग म्हणाला, "ते आता..."

"तू नको विचारूस. मीच विचारते." तिनं ओल्या हातांनी त्याचा हात घट्ट धरला. "मला वाट बघायला आवडत नाही. अजूनही नाही. पण बघायचीच असेल, तर तुझीच बघेन. लग्न करशील माझ्याशी?"

लाँचवाल्यानं दोर सोडला. सारंग धावला, उडी मारून आत पडला, आणि लाँच धक्क्यापासून सुटली तेव्हा कुठे त्याला वाचा फुटली. दोन्ही हात तोंडाशी धरून, भर पावसात, तो ओरडला —

"हो! हो! हो!"

लाँचवाल्याला मराठीचा गंध नव्हता. त्यानं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा धक्क्यावरच्या भिजलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि भोंग्याची दोरी जोरात ओढली.