अठरा फुटांचे कोनवासे

"हा पण तिरका," चंद्रा म्हणाली आणि हातातला आखूड वासा तिने बाजूला ठेवला. "तुमच्या घराला सरळ लाकूड एकही नव्हतं का गं?"

"तिरकं टोक कोनवाशाला टेकतं. तो घराच्या कोपऱ्यातून थेट आढ्यापर्यंत चढतो, आणि हे आखूड वासे दोन्ही अंगांनी त्याला येऊन मिळतात," सरू म्हणाली. "छपराला चारी बाजूंनी उतार होता ना आमच्या."

"मग ते कोनवासे कुठायत?"

सरू पुढचा वासा उचलू लागली. रोह्यासमोर, कुंडलिका नदीकाठच्या अष्टमी गावात नव्या जोत्याशेजारी जुन्या घराचा ढीग पडला होता. मेच्या सुट्टीत सरू, तिचा धाकटा भाऊ मोरू आणि शेजारची चंद्रावती त्यातले वासे लांबीप्रमाणे लावून ठेवत होती. पेणच्या खाडीकाठी, मिठागरांना लागून ते घर होतं. उधाणात बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, जोतं खचलं. सरूच्या बाबांना, हिरामणना, रोह्यात कंपनीत काम मिळालं, आणि घर उतरवून लाकडं गेल्या उन्हाळ्यात टेम्पोने इकडे आली. सगळी आली, फक्त चार कोनवासे तेवढे आले नाहीत.

"वाळवीनं खाल्लेले. टाकून दिले," टेम्पो घेऊन आलेला जगनकाका म्हणाला होता. दाजी सुताराने नकारार्थी मान हलवली होती. कोनवाशांशिवाय चौपाखी छप्पर उभं राहत नाही, आणि एवढी लांब जुनी लाकडं आता कुठून आणायची? बाबांनी पत्र्याचं छप्पर ठरवलं. परवा पत्रे येणार होते.

सरूचं अंथरूण त्यातल्याच एका कोनवाशाखाली असायचं. दुपारी मिठागरांवरचा वारा कौलांत शिरला की ते लाकूड हलकेच करकरायचं. इथल्या भाड्याच्या खोलीत जाग आली की ती आधी वर बघायची. वर सिमेंट दिसायचं, आणि मग कुठे आहोत ते आठवायचं.

"सरू, वाळवी काय लांबी बघून खाते का?" चंद्राने एक तिरकं टोक तिच्यापुढे धरलं. "हे टोक कोनवाशाला चिकटलेलं होतं म्हणतेस. याला एक भोक नाही."

सरूने दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळी टोकं ठणठणीत. खिळ्यांचा गंज तेवढा होता.

"काका खोटं बोलला," मोरू म्हणाला.

"हळू. आधी लांबी काढू."

नवं जोतं जुन्याच मापाचं होतं, चोवीस फूट रुंद. सरूने खडूने कोपऱ्यापासून बारा फूट आत रेघ मारली, तिथून काटकोनात दुसरी बारा फूट. "कोनवासा जमिनीवर पाडला तर तो या दोन रेघांचा कर्ण होईल. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस. दोन्हींचे मिळून दोनशे अठ्ठ्याऐंशी."

"आणि तो चढतो किती?"

ढिगात आढं तोलणारी मधली खांबोटी होती. ती भरली सहा फूट. "सहाचा वर्ग छत्तीस. तीनशे चोवीस," सरू म्हणाली आणि थांबली. "अठरा. बरोब्बर अठरा फूट. वळचणीचे तुकडे वेगळे जोडलेले होते, ते सोडून."

"अठरा फूट टेम्पोत मावेल?" चंद्राने विचारलं.

"मावत नव्हते," मोरू म्हणाला. काकाबरोबर टेम्पोतून तोच आला होता. "मागं बाहेर आलेले. काकानं टोकांना लाल फडकं बांधलं होतं." मग त्याला आठवलं. "इथं उतरलो तेव्हा फडकं नव्हतं. वडखळला काका मला भजी देऊन हॉटेलात बसवून गेला होता. लय वेळ."

सरूची आई सगुणा चुलीपाशी होती. सरूने तिला सगळं सांगितलं. तिने भाकरी उलटली. "त्या घरात मी लग्न होऊन आले गो," ती म्हणाली. "जा. संध्याकाळच्या आत परत या. मोरूचा हात सोडू नको."

पेणच्या एस.टी.ने तिघं वडखळ नाक्यावर उतरली. रस्त्याकडेला पापड-पोह्यांची दुकानं ओळीने होती. त्यांतल्या एकावर ताडपत्रीची सावली होती, आणि ताडपत्रीखाली तीन लांब वासे, निळ्या ऑइलपेंटने रंगवलेले.

"काका, छान आहे हो मांडव," चंद्रा म्हणाली. "कुठून घेतलीत लाकडं?"

"अलिबागेसून आणली," दुकानदार नाथा म्हणाला. "पापड घ्याचे का?"

मोरू बाकड्यावर चढला आणि टेप धरला. अठरा फूट. सरूने आकडा मोठ्याने वाचला.

"अठरा फुटी वासे कुठंबी मिळतात, पोरी."

"मिळतात," सरू म्हणाली. "पण यांच्या दोन्ही अंगांना रंगाखाली खिळ्यांची भोकं असतील. दर तीन फुटांवर."

"तुला काय दिसतंय का रंगातून?"

"नाही. आमचे आखूड वासे दोन-दोन फुटांवर होते. बारा फुटांत सहा भाग. अठराचे सहा भाग केले की तीन फूट. खरवडून बघा. नसली भोकं तर आम्ही जातो."

नाथाने तिच्याकडे पाहिलं. मग पोहे मोजायचं माप बाजूला ठेवून त्याने सुरी घेतली आणि मोरूने टेपवर बोट ठेवलं तिथे रंग खरवडला. खाली दोन भोकं निघाली, गंजाने काळी पडलेली. पुढच्या तीन फुटांवर आणखी दोन. तिसऱ्यांदा त्याने खरवडलंच नाही.

"जगन्याची हायत," तो खाली बसत म्हणाला. "पुढं नाक्यावर पोलीस अडवतील, म्हणून इथं उतरवली. उद्या नेतो म्हणाला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आला नाय. मग मी चढवली. चौथ्याचे दोन तुकडे करून खांब केले. मला वाटलं, कुणाला नको झालीत."

"आम्हाला हवीत," सरू म्हणाली. नाथाने तिला बसायला बाकडं पुढे केलं.

मुलांनी घरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी जगनकाका लांब ट्रक आणि नाथाच्या मांडवासाठी बांबू घेऊन वडखळला गेला. परत आला तेव्हा तो बाबांच्या समोर उभा राहीना. "विसरलो, दादा," तो म्हणाला. "मग सांगायची लाज वाटली. वाळवीचं तोंडात आलं, ते बोलून गेलो."

बाबा त्याला बोलले, चांगलंच बोलले. मग त्यांनी पत्रे परत पाठवले. चौथा कोनवासा दाजींनी नव्या लाकडाचा केला. चार उतार वर चढले तेव्हा शेजारपाजारची माणसं बघायला आली.

"यांनी वडखळ गाठलं नसतं तर मी पत्रे ठोकून मोकळा झालो असतो," दाजी सगळ्यांना सांगत होते. "भोकं न बघता सांगितली हो पोरीनं. चंद्रे, तुला पण शाबासकी हाय. वाळवी तू पकडलीस."

"आणि लाल फडकं?" मोरूने विचारलं.

"ते तुझं, पोरा."

सरू शिडीवर होती. वर अजून कौलं नव्हती. वाशांमधून तिला कुंडलिका दिसत होती, पूल दिसत होता, पलीकडे रोह्याची घरं. तिने उगाच मिठाचे ढीग शोधले. छप्पर तेच होतं, आणि तरी वारा नदीचा होता. त्याला खारा वास नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी ती तोंड फिरवून उभी राहिली.

बाबा शिडीखाली आले. "तिकडचं आठवतंय, बाय?"

"हो."

"मला पण. कंपनीत शिफ्टला असलो तरी भरती कधीची ते मनात मोजतो." त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. "आता मागं स्वयंपाकघर काढायचंय, सोळा फूट रुंद. त्याचं छप्पर या छपराला मिळेल तिथं आतला कोपरा होणार. पावसाचं सगळं पाणी तिथं उतरणार. तिथला वासा केवढा धरायचा? दाजी म्हणतात, तुला विचारा."

सरूने बाहीने डोळे पुसले. "उतार हाच ठेवायचा?"

"हाच."

"मग अर्धी रुंदी आठ, चढ चार. चौसष्ट, चौसष्ट आणि सोळा." तिने खाली पाहिलं. "एकशे चव्वेचाळीस. बारा फूट, बाबा."

"दाजी, बारा धरा," बाबांनी हाक दिली आणि वासा मोजायला तिच्या हातात टेपचं एक टोक दिलं.